चौथा ज्वर

आमच्या घरात तापाला दोन शब्द होते. माणसाला यायचा तो ताप, आणि रेशमाच्या किड्यांना बसायचा तो ज्वर. माणसाला ताप आला की घर काळजीत पडायचं, किड्यांना ज्वर बसला की घर खूश व्हायचं. कारण किड्यांचा ज्वर म्हणजे आजार नव्हेच. किडा पाला खाऊन खाऊन तटतटतो, त्याची कातडी त्यालाच पुरेनाशी होते, मग तो मान वर करून दिवसभर गप्प बसतो. खात नाही, हलत नाही. दुसऱ्या दिवशी जुनी कात टाकून दुप्पट भूक घेऊन उठतो. असे चार ज्वर. चौथ्यातून उठला की सातेक दिवस राक्षसासारखा खातो आणि मग कोष विणायला लागतो. आमच्या चारी बाजूंच्या कन्नड लोकांना दोन्हींसाठी एकच शब्द पुरतो, ज्वर. आम्ही किडे त्यांच्याकडून घेतले तेव्हा हा शब्दही घेतला, पण माणसांपुरता ताप आपला जपून ठेवला. पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहून आमचं निम्मं मराठी असंच उसनं झालेलं आहे. आता माझ्या वरच्या मजल्यावर पुण्याची दोन मुलं भाड्यानं राहतात. कामाला शहराच्या त्या टोकाला इलेक्ट्रॉनिक सिटीत आणि राहायला ह्या टोकाला येलहंक्यात, हे त्यांचं गणित मला अजून कळलेलं नाही, पण माझं बोलणं ऐकून हसतात मात्र. "काकू, स्वल्प म्हणजे किती हो?" हसा बाबांनो. शब्द इकडचा तिकडे झाला तर काय होतं, ते तुम्हाला कुणी दाखवलं नाही अजून.

आमचं घर नंदीच्या डोंगरउतारावर होतं. देवनहळ्ळीहून येणारी बस खालच्या फाट्यापर्यंत यायची, तिथून वर अर्धा तास चढ. उतारावर टप्पे पाडलेले, टप्प्यांवर तुती, आणि सगळ्यात वर आमचं तीन खोल्यांचं घर. त्यातल्या दोन खोल्या किड्यांच्या आणि एक आमची. खोटं नाही सांगत. बांबूच्या गोल ताटल्या मांडणीवर एकावर एक चढवलेल्या, मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे, मुंग्या चढू नयेत म्हणून. घरात उदबत्ती नाही, कापूर नाही, विडी नाही, केसांना वासाचं तेल नाही. मिरचीची फोडणी तर घरात द्यायचीच नाही, धुरानं किडे मान टाकतात. आई चिंचेखाली चूल मांडून तिथं फोडणी द्यायची आणि भांडं झाकून, तोंड दुसरीकडे करून, घरात आणायची, जणू चोरीचा माल आणतेय. किडे मोठे झाले की तेवढीही सवड नसायची. मग नुसता मुद्दे, म्हणजे नाचणीचा उकडलेला गोळा, ताक आणि कच्चा कांदा. गणपतीसुद्धा आमच्याकडे बिनधुपाचा बसायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, हात जोडून म्हणायचे, "देवा, तू समजून घेशील, हे घेणार नाहीत."

त्या घराचा एक आवाज होता, तो मला आजही कुठल्याही शांत खोलीत ऐकू येतो. हजारो किडे पाला खात असले की सगळं घर कुरकुरत राहायचं, दहा माणसं अंधारात बसून कडलेपुरी, म्हणजे चुरमुरे, खात असावीत तसं. आई त्या आवाजावर शेती करायची. किड्यांच्या खोलीच्या दारात उभी राहून डोळे मिटायची आणि सांगायची, "खालून तिसरी ताटली उपाशी आहे. कोपऱ्यातली ओला पाला खातेय, काढ तो." आम्ही जाऊन बघावं तर तस्संच. एखाद्या ताटलीचा आवाज मंदावला की रोग शिरायच्या आत ती ताटली उचलून बाहेर जायची. शेजारपाजारच्या बायका तिला बोलवायला यायच्या, "अक्का, स्वल्प ऐकून जा," म्हणून. ताप मोजायला डॉक्टर न्यावा तशी ती कान घेऊन जायची. आणि दाराच्या चौकटीशेजारी भिंतीवर ती चुन्याची रेघ ओढायची, एका दिवसाला एक. ज्वराच्या दिवसाची रेघ आडवी. शाळा कानडी चौथीपर्यंत झालेली, लिहायची तर मराठीही कानडी अक्षरांत लिहायची, पण हिशेब ठेवायला तिला ती भिंत पुरत होती.

त्या वर्षी डोंगराचा रंग बदलायला लागला होता. पलीकडच्या उतारावरच्या एकेकानं तुती उपटली आणि नीलगिरी लावली. बाहेरदेशाचं रेशीम बाजारात आलं होतं, आमच्या कोषाकडे कोणी वळून बघेना. एकदा अण्णा भरलेली पोती घेऊन गेले आणि भरलेलीच परत घेऊन आले. असं आधी कधी झालं नव्हतं. कोष काही धान्य नव्हे ठेवून द्यायला. आठ-दहा दिवसांत आतला पतंग भोक पाडून बाहेर येतो आणि कोष वाया जातो. तसंच झालं. एका सकाळी मी उठले तर पोत्यांच्या तोंडातून पांढरे पतंग बाहेर पडत होते, उडता येत नाही त्यांना, नुसते भिंतीवर, अंथरुणावर, ताटात पंख फडफडवत होते. आई केरसुणीनं गोळा करत होती. मला त्यांची किळस आली आणि भीतीही वाटली. अण्णांनी त्या दिवशी जेवतानाच सांगितलं, "आणखी एक पीक. ते नीट गेलं तर सरी, ठीक. नाहीतर आपलीही नीलगिरी. लावायची आणि विसरायची, ना पाणी घालणं, ना पाला तोडणं." आई म्हणाली, "आणि मी काय करू? झाडांकडे बघत बसू?" पलीकडच्या झाडांचा तो औषधी वास वाऱ्याबरोबर आमच्या अंगणात येत होता, आणि विहिरीत दोर दर महिन्याला आणखी एक हात सोडावा लागत होता.

म्हणून मला येलहंक्याला मावशीकडे पाठवलं. तिथं शर्ट शिवायच्या कारखान्यात मला काम मिळालं, दिवसभर कॉलरी. डोक्यावरून हवाई दलाच्या तळावरची लढाऊ विमानं जायची तेव्हा खिडकीच्या काचा थरथरायच्या, आणि शंभर मशिनींचा आवाज त्यात बुडून जायचा. पहिले काही दिवस मला वाटलं, आपले कान इथंच जाणार. देवाला त्या वेळी नीट ऐकू गेलं नसावं, कुणाचे कान ते. रविवारी मी घरी जायची, पण आईचे नियम कडक. मावशीकडे डासांची कॉइल जळायची, कारखान्यात कपड्याच्या खळीचा वास, ते सगळं माझ्या अंगावर. अंगणात आंघोळ करून, घरचं लुगडं नेसूनच मला आत प्रवेश. आणि एक नियम सगळ्यात वरचा: चौथा ज्वर बसला की किडे पिकेपर्यंत, म्हणजे कोष विणायला तयार होईपर्यंत, बाहेरच्या माणसानं फिरकायचं नाही. "तू आता बाहेरचीच," आई हसून म्हणाली होती. "किडे पिकले की ये, चंद्रिकेवर चढवायला हात लागतील." चंद्रिका म्हणजे बांबूची ती चकलीसारखी चौकट, जिच्यावर किडे कोष विणतात. अण्णा म्हणाले होते ते शेवटचं पीक तेव्हा घरात चालू होतं.

त्या पिकातल्या एका रविवारी मी घरी गेले होते. किडे नुकतेच तिसऱ्या ज्वरातून उठलेले. आम्ही दोघींनी ताटल्यांतले किडे विरळ केले. आईनं उन्हातसुद्धा शाल घेतली होती. मुद्दे अर्धाच खाल्ला. "काय गं झालं?" तर म्हणाली, "अंग स्वल्प कसंतरी होतंय, पाल्यात भिजले ना काल." आणि लगेच, "ऐक, कशा जेवतायत बघ. असं पीक पाच वर्षांत नाही झालं सरू." खरंच होतं ते. घर नुसतं गर्जत होतं. तिनं भिंतीवरच्या रेघांवरून बोट फिरवलं आणि सांगितलं, चौथा ज्वर शनिवारी बसेल. मी शनिवार डोक्यात ठेवला. शाल ठेवली नाही.

गुरुवारी सकाळी मी कारखान्याच्या वाटेवर होते. येलहंक्याच्या बसस्टँडबाहेर मुनियम्मा फुलं घेऊन बसायची. आमच्या डोंगराखालच्या फाट्यावर तिचं घर, पहिल्या बसनं ती फुलांची टोपली घेऊन यायची. आमचे सगळे निरोप तिच्याच टोपलीतून जायचे-यायचे, फोन कुठला आमच्या डोंगरावर. तिच्याभोवती गिऱ्हाइकांची गर्दी होती. मला बघून ती शेवंतीची माळ मोजता मोजताच ओरडली, "सरोजा! निम्मप्पा हेळिद्रु, मनेली ज्वर अंते. नाल्कनेदु!" तुझे वडील म्हणाले, घरी ज्वर आहे म्हणे. चौथा. मी म्हटलं, "आधीच?" ती म्हणाली, "नन्गेनु गोत्तु," मला काय ठाऊक, आणि हसून पुढं म्हणाली की आता लवकरच कोष, मला साडी घे. मी चालता चालता बोटांवर मोजलं. शनिवारी बसायचा ज्वर गुरुवारी. दोन दिवस आधी. मी काय केलं असेल? मी खूश झाले. हवा गरम आहे, पाला चांगला आहे, किडे भराभर वाढतायत, पीक लवकर हातात येणार. दुपारच्या डब्याला मी शेजारच्या मशिनीवरच्या बाईलाही सांगितलं. इतकी वर्षं झाली, पण मी त्या बसस्टँडवरून जाते तेव्हा अजून माझी बोटं आपोआप मोजायला लागतात, आणि मी मूठ वळते.

मग मी नियम पाळला. रविवारी गेले नाही. मावशी म्हणाली, "जाऊन ये की गं, आईला बरं वाटेल." मी शहाणपणानं तिला समजावलं, चौथ्या ज्वरानंतर बाहेरच्यानं जायचं नसतं, ह्या पिकावर सगळं आहे. त्या आठवड्यात मी अंगाला साबणसुद्धा लावला नाही, वास राहू नये म्हणून. मावशीला कॉइल लावू दिली नाही, डासांनी आम्हाला फोडून काढलं. किडे पिकायचा दिवस मी काढून ठेवला, पुढचा गुरुवार, आणि त्या दिवसाची रजा मागून घेतली. अधेमधे मुनियम्मा दिसली तर मी हात हलवायची, ती टोपलीतून मान वर करून हलवायची. अण्णांची आणि तिची गाठ नंतर पडली नव्हती. पिकाच्या दिवसांत आमच्या घराकडे कोणी फिरकायचंच नाही, सगळ्यांना ठाऊक. इतकी कडक शिस्त आमच्या आईची.

गुरुवारी मी पहिल्या बसनं फाट्यावर उतरले आणि चढायला लागले. आमच्या शेवटच्या वळणावर, पिकाचे दिवस असले की, घराचा आवाज ऐकू यायचा. मी वळणावर थांबले. काही नाही. वाटलं, वारा उलटा असेल. आणखी वर आले. कुत्रं भुंकलं नाही, चूल विझलेली, अंगणात पाल्याचा भारा पडलेला, पण तो कालचा, कोमेजून काळा पडलेला. दार नुसतं लोटलेलं. मी आंघोळ केली नाही, लुगडं बदललं नाही, तशीच आत गेले. किड्यांच्या खोलीत बोटाएवढे किडे हजारोंनी माना वर करून बसले होते, आणि एकही आवाज नव्हता. क्षणभर मला वाटलं, ज्वरात आहेत. मग ताटलीत बघितलं. नुसत्या शिरा आणि काड्या उरल्या होत्या. ज्वर नव्हता तो, उपास होता. माना वर करून ते अन्न शोधत होते. मी भिंतीकडे बघितलं. चुन्याच्या रेघा सरळ चालल्या होत्या, आणि ज्वराची आडवी रेघ शनिवारच्या जागी होती. शनिवारीच बसला होता ज्वर. पुढच्या तीन रेघा वाकड्यातिकड्या, दारुड्यानं ओढल्यासारख्या. त्यापुढं भिंत कोरी.

"आई!" मी ओरडले. आमच्या खोलीत अंथरूण तसंच पडलेलं, त्यावर शाल. आता सांगायची लाज वाटते, पण सांगते. मी तिला शोधत खाली धावत सुटले नाही. मी कोयता घेऊन तुतीत गेले, पाला कापला आणि किड्यांना घातला. ती घरात असती तर तिनं मला हेच करायला लावलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. हळूहळू घर कुरकुरायला लागलं, आणि त्या आवाजात मी जमिनीवर बसून रडले.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा अण्णा आले. एकटेच, धापा टाकत, किड्यांना पाला घालायला परत आलेले. मला बघून दारातच थांबले. "आलीस?" म्हणाले. ते कधीच जास्त बोलणारे नव्हते, पण तेवढा एक शब्द त्यांनी ज्या आवाजात उच्चारला तो मला विसरता आलेला नाही. "आई कुठाय अण्णा?"

"देवनहळ्ळीला. दवाखान्यात. काल फुलांच्या टेम्पोतून नेलं. ओळखत नाही कुणाला."

"काल? ताप कधीचा?"

"तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. रोज म्हटलं, चल. तर म्हणाली, सरू येऊ दे, किडे तिच्या हाती देते आणि मग जाते. तुमच्या हाती नाही देणार. रोज दारात येऊन बसायची, वाट बघत. तू का नाही आलीस?"

"निरोप कुठं पाठवलात मला?"

"मुनियम्माकडे. त्याच गुरुवारी. बस सुटत होती, खिडकीतून सांगितलं. मनेली ज्वर, म्हटलं. नाल्कनेदु. चौथा दिवस होता."

मी सोमवारपासून बोटांवर मोजलं. अण्णांनाही एकदम कळलं असावं, कारण त्यांनी डोक्यावरचं मुंडासं काढलं आणि हातात धरून उभे राहिले. आमच्याशी बोलताना त्यांनी ताप म्हटलं असतं. मुनियम्माशी ते कानडीत बोलले, आणि कानडीत म्हणायचं ते बरोबरच म्हणाले. कुणाचंच काही चुकलं नव्हतं. मला त्याचाच राग येतो अजून. कुणाला तरी शिव्या घालता आल्या असत्या तर बरं झालं असतं. मी किड्यांचा विचार करून तिथं थांबले होते, ती किड्यांसाठी इथं थांबली होती, आणि मधे एक शब्द बसला होता.

डॉक्टरांनी टायफाइड सांगितला, उशीर झाला म्हणाले. तीन आठवडे ती तिथं होती. मी कारखाना सोडला. पहिला आठवडा असा गेला की दवाखान्याच्या व्हरांड्यात कुणी चप्पल घसटत आलं तरी मी उठून उभी राहायची. पण ती वाचली. आमच्या पिकाचं काय झालं ते एका ओळीत सांगते: कोष मऊ आले, दाबले की दबायचे, आणि अण्णांनी ते बाजारात नेले नाहीत. ताप उतरला त्या सकाळी आईनं डोळे उघडले, मी "आई, आई" म्हणतेय, आणि ती माझ्या तोंडाकडे बघतेय. मग मोठ्यानं म्हणाली, "मोठ्यानं बोल की." मी ओरडले. तिनं आपल्याच हातानं कानाजवळ टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. अशा तापात होतं कधी कधी, डॉक्टर म्हणाले. परत येईल का? बघू, म्हणाले. नाही आलं.

घरी आल्यावर तिनं अण्णांना हात जोडले, आणखी एकदा किडे आणा, थोडेसेच. अण्णांनी खाली मान घालून किड्यांची अंडी चिकटवलेले दोन कागद आणून दिले. चारच ताटल्या. तिचे हात तेच होते, पाला तसाच बारीक कापायची, चुन्याची रेघ नव्यानं ओढायला लागली होती. पण किडे तिसऱ्या ज्वरातून उठले त्या दिवशी मी बघितलं, ती दारात उभी राहिली, नेहमीसारखे डोळे मिटले आणि उभीच राहिली. कितीतरी वेळ. घर कुरकुरत होतं. एक ताटली मंद होती, ते मलासुद्धा कळत होतं. तिनं डोळे उघडले, ताटलीच्या खाली तळवा लावून बघितला, मग दुसऱ्या ताटलीखाली. मग माझ्याकडे वळून, आता सगळंच ती मोठ्यानं बोलायची, म्हणाली, "जेवतायत का गं?" मी मान हलवली. तिनं तळवा लुगड्याला पुसला. "अण्णांना सांग, तुतीची मुळं काढा म्हणावं. मला नाही जमायचं."

अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ घेऊन पहिल्या टप्प्यावर गेले. तिला अजून ठाऊक नव्हतं मी का आले नाही ते. तिनं विचारलंही नव्हतं. मी अंड्यांचा रिकामा कागद घेतला आणि मागच्या बाजूला कानडी अक्षरांत, आमच्या मराठीत, सगळं लिहिलं. गुरुवारी मुनियम्मानं सांगितलं, चौथा ज्वर. मला किड्यांचा वाटला. तू सांगितलं होतंस चौथ्या ज्वरात यायचं नाही, म्हणून आले नाही. आई, मला माफ कर. कागद तिच्या हातात दिला आणि समोर बसले. ती ओठ हलवत एकेक अक्षर लावत वाचत होती. मला वाटलं, आता मारेल, नाहीतर जवळ घेईल. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं.

ती उठून भिंतीशी गेली. मागच्या पिकाच्या रेघा तशाच होत्या. त्यांच्यावरून बोट फिरवत गेली, गुरुवारच्या रेघेवर थांबली, मग शनिवारच्या आडव्या रेघेवर आली, मग परत गुरुवारवर. आणि माझ्याकडे वळून, रागानं नाही, एखादी अडलेली गोष्ट समजून घ्यावी तशी, सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "अगं, पण दोन दिवस आधी कसा बसेल ज्वर?"

खाली टप्प्यावर अण्णांची कुदळ थांबली. आई माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होती.